राणीच्या बागेंतील महाशिवरात्र

महाशिवरात्रीची सुटी, उपासाचा दिवस आणि चार बिऱ्हाडांचीं मिळून तेवीस माणसें! एवढा परिवार घेऊन मुंबईसारख्या शहरांत दिवसभराची सहल काढणें म्हणजे घरीं लहानसें कार्य काढण्याइतकेंच अवघड होय. तथापि यंदा ही सहल काढावयाचीच, असें आम्हीं संक्रांतीस ठरविलें होतें. आणि त्यास कारणही तसेंच घडलें होतें.

गिरगांवांतील ज्या चाळींत आमचीं चारही बिऱ्हाडें एकाच मजल्यावर, एकाच गॅलरीला लागून दोन पिढ्या नांदलीं, ती चाळ आतां रिकामी होऊन पाडली जावयाची आहे. तीन बिऱ्हाडें पूर्वींच तेथून उठलीं. एक डोंबिवलीस गेलें, एक मुलुंडास आणि आमचें पुण्यास. मागें राहिलें तें एकट्या नानांचें. नाना हे महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या मातोश्री आज अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या असून साऱ्या मजल्याच्या त्या आजी आहेत. आम्हीं गिरगांव सोडलें खरें. परंतु आजी तेथें आहेत, एवढ्यानेंच तें सुटल्यासारखें वाटत नव्हतें. गणपतींत, कोजागिरीस, तिळगुळाच्या निमित्तानें पाय आपोआप त्या जिन्याकडे वळत. यंदा हातावर तिळगूळ ठेवतांना आजींनीं विचारलें, "पुढल्या संक्रांतीला कुठें भेटाल रे सगळे?"

त्या प्रश्नास कोणापाशींही उत्तर नव्हतें. नवी इमारत उभी राहीपर्यंत नानांना भाड्याच्या घरांत राहावयाचें होतें, आणि तें घर कोठें मिळेल हें अजून ठरलें नव्हतें. थोड्या वेळानें आजीच म्हणाल्या, "तुम्ही लहान असतांना तुम्हां सगळ्यांना मी राणीच्या बागेंत नेत असें. ट्रॅम होती तोंवर ट्रॅमनें, मग बसनें. एकदां सारे मिळून तिथें जाऊं या." मुंबईची ट्रॅम १९६४ सालीं बंद झाली. म्हणजे आजींच्या डोळ्यांपुढें साठ वर्षांपूर्वींची बाग होती, आणि आमच्या डोळ्यांपुढें आजींचा पदर धरून चाललेलीं आम्हीच होतों.

सहलीची तयारी सांगण्यासारखी विशेष नाहीं. फराळ संध्याकाळीं चाळींत परतल्यावर करावयाचा. बरोबर राजगिऱ्याचे लाडू आणि पाणी एवढेंच न्यावयाचें. प्लास्टिकची पिशवी कोणीं आणावयाची नाहीं. हे तीन नियम वहिनींनीं घालून दिले व ते पाळले गेले. मुलुंडकरांनीं चौथ्या नियमाची भर घातली, तो असा कीं, कोठेंही निघण्यापूर्वीं वार पाहावा. दोन वर्षांपूर्वीं ते मुलाबाळांसह एका बुधवारीं येथें आले होते. बुधवारीं बाग बंद असते, हें त्यांस बंद दारासमोर उभें राहिल्यावर कळलें.

सकाळीं दहाच्या सुमारास आम्ही सारे भायखळा स्थानकावर जमलों आणि पूर्वेच्या बाजूनें चालत बागेकडे निघालों. आजी मात्र नानांबरोबर टॅक्सीनें आल्या. आंत शिरतांच मंडळींत दोन पक्ष पडले. मुलांना पेंग्विन पाहावयाचे होते. नानांना झाडें दाखवावयाचीं होतीं. आजींनीं निवाडा दिला, "आधीं मुलांचें." त्यामुळें आम्ही प्रथम पेंग्विनांच्या रांगेंत उभे राहिलों.

हे पक्षी २०१६ सालच्या जुलैंत दक्षिण कोरियांतील सोल शहराहून येथें आणले, आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांस पाहावयास मिळूं लागले. जातीनें ते हम्बोल्ट पेंग्विन होत. यांचें माहेर बर्फांत आहे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु दक्षिण अमेरिकेंतील पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर, थंड सागरप्रवाहाच्या कडेस हे राहतात. येथें त्यांच्यासाठीं कांचेआड थंड केलेलें दालन व पोहण्यास पाणी आहे. जमिनीवर एखाद्या वृद्ध कारकुनासारखा डुलत चालणारा हा प्राणी पाण्यांत पडला कीं बाणासारखा सुटतो, हें पाहून आमच्यांतील मोठीं माणसेंही कांचेस नाक लावून उभीं राहिलीं. डोंबिवलीकरांच्या सात वर्षांच्या नातीनें नानांना विचारलें, "ह्यांचं घर खरं कुठें आहे?" नाना म्हणाले, "समुद्रापलीकडे, फार लांब. पण ह्यांतलीं कांहीं पिल्लें इथेंच जन्मलीं आहेत." तिनें क्षणभर विचार केला आणि म्हटलें, "मग त्यांचं घर इथेंच ना?" यावर नाना नुसते हंसले.

आमच्या लहानपणच्या बागेची आठवण या ठिकाणीं होणें साहजिक होतें. तेव्हां हत्तीवर बसावयास मिळे, हें सर्वांत मोठें सुख. परंतु लोखंडी गजांच्या अरुंद पिंजऱ्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालणारीं जनावरें आम्हीं तेव्हां ज्या निर्विकार मनानें पाहिलीं, त्या मनानें आज तीं पाहवलीं नसतीं. आतां जनावरांसाठीं मोकळीं, झाडाझुडपांचीं आवारें करण्यांत आलीं आहेत. मुलांस एवढा फरक ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याचें कारणही नाहीं. परंतु तो झाला हें बरें झालें.

यानंतर झाडांची पाळी आली. या बागेचा विस्तार सुमारें ५० एकर असून तींत वृक्षांच्या सुमारें २८० जाती आहेत. एकूण वृक्ष ३,००० हून अधिक. एवढी संपत्ति भायखळ्याच्या गजबजाटांत उभी आहे, आणि बहुतेक प्रेक्षक तिच्या सावलींतून चालत जनावरांकडे जातात! आम्हीही लहानपणीं तसेच गेलों होतों. अपवाद एकाच झाडाचा. तें म्हणजे गोरखचिंचेचें.

गोरखचिंच ही मूळची आफ्रिकेची. तिचा बुंधा एखाद्या कणगीसारखा फुगलेला असतो, आणि कोरड्या दिवसांसाठीं ती आपल्या मऊ लांकडांत पाणी सांठवून ठेवते. माघांत ती निष्पर्ण असल्यानें आजी चपापल्या. "अगबाई, हें वाळलं कीं काय?" नानांनीं सांगितलें कीं, तिची झोप चालली आहे; पाऊस पडला कीं पालवी येईल. लहानपणीं आम्ही एकमेकांचे हात धरून या जातीच्या झाडास वेढा घालीत असूं. आज आमच्या नातवंडांनीं न सांगतां तोच खेळ मांडला. हात पुरेनात, म्हणून त्यांनीं पुण्याच्या, मुलुंडच्या, डोंबिवलीच्या सर्व मुलांस हांका मारून बोलाविलें. चाळ सुटल्यावर जन्मलेलीं हीं मुलें एकमेकांस वर्षांतून एकदोनदांच भेटतात. परंतु झाडाभोंवतीं हात धरतांना त्यांस ओळख करून द्यावी लागली नाहीं.

पुढें एका वळणावर आमच्या सौभाग्यवतींनीं सरळ उंच वाढलेल्या एका झाडाकडे बोट दाखवून म्हटलें, "हा अशोक. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला हाच लावला आहे." नानांमधील अध्यापक जागा झाला. ते म्हणाले, "तो आसुपालव. अशोक म्हणून त्याला आपण उगीच मान देतों. चला, खरा अशोक दाखवतों." आणि त्यांनीं आम्हांस सीतेच्या अशोकाजवळ नेलें. हें झाड फार उंच नसतें; सावली मात्र दाट. फुलांचे केशरी-तांबडे गुच्छ जून फांद्यांवरच येतात. ते नुकतेच उमलूं लागले होते. आजींनीं रामायण उभें आयुष्यभर ऐकलें, पण अशोकाचें फूल त्यांनीं आज प्रथम पाहिलें. त्या बराच वेळ तेथें उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सीतामाईला एवढी तरी सोबत होती म्हणायची."

उर्वशीचें झाड पाहण्याचें भाग्यही आम्हांस लाभलें. हें मूळचें ब्रह्मदेशाचें. त्याचे तांबडे-पिवळे घोस झुंबरांसारखे खालीं लोंबतात आणि कोंवळीं पानें वाळत घातलेल्या रेशमी वस्त्रासारखीं सैल लटकत असतात. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीं एका गव्हर्नर-जनरलाच्या पत्नीचें, लेडी ॲमहर्स्ट यांचें, नांव या झाडास दिलें; आपल्या लोकांनीं त्यास उर्वशी म्हटलें. लागवडींत हें झाड बीज क्वचितच धरतें. बहुधा फांदीला दाबकलम करून त्याचें रोप तयार करावें लागतें. अर्थात् कोणी माळी हौसेनें तें करील तरच याचा वंश पुढें चालावयाचा.

परंतु त्या दिवसाचा मान होता तो कैलासपतीचा. याचीं फुलें इतर झाडांप्रमाणें शेंड्याकडे येत नाहींत. बुंध्यांतूनच निघालेल्या लोंबत्या दांड्यांवर तीं येतात. सहा जाड, गुलाबी पाकळ्या. मध्यें पिंडीसारखा लहानसा उंचवटा. आणि त्यावर झुकलेला केसरांचा फणा. जणूं नागानें छाया धरिलेली शंकराची पिंडीच! फळें मात्र तोफेच्या गोळ्यांसारखीं जड असतात, म्हणून झाडाच्या अगदीं खालीं उभें राहूं नये. आज महाशिवरात्र, तेव्हां एक फूल देवाला न्यावें, असें वहिनींच्या मनांत आलें. बाग सार्वजनिक असल्यानें फूल तोडणें म्हणजे चोरी, हें सर्वांसच मान्य होतें. खालीं पडलेलीं फुलें पुष्कळ होतीं. परंतु भुईवर पडलेलें फूल देवाला वाहावयाचें नसतें. पारिजातक व बकुळ यांस तेवढी सवलत आहे. या पेंचांत नानांनीं भर घातली. "वहिनी, हें झाड पुराणांत शोधूं नका. हें दक्षिण अमेरिकेंतलं. आपल्याकडे येऊन त्याला फार शतकं झालेलीं नाहींत."

आजींनीं तो पेंच सोडविला. त्या झाडासमोर हात जोडून म्हणाल्या, "पाहुणा आला नि घरचा झाला. पिंडी त्यानं आपली आपणच धरली आहे. आपण नमस्कार करावा नि निघावं." त्याप्रमाणें आम्हीं केलें. फूल झाडावरच राहिलें.

दुपारीं एका दाट सावलींत आम्ही लाडू खात बसलों, तेव्हां निराळाच विषय निघाला. नानांचा पुतण्या हिशेबतपासनीस आहे, आणि चाळीच्या बैठकांचें काम अलीकडे तोच पाहतो. तो म्हणाला, "काका, तुम्ही सगळे चाळीसाठीं हळहळतां. पण चाळ पडायला आली कशामुळें? जें सगळ्यांचं, तें कोणाचंच नसतं. जिन्यावरचा दिवा सहा महिने गेला होता, बदलला कोणीं? गच्ची गळत होती. वर्गणी दिली कोणीं? उद्यां स्वतःचं दार असेल, तर जो तो आपलं सांभाळील."

हें बोलणें कोणासही रुचलें नाहीं, परंतु तें खोटें आहे असेंही कोणास म्हणतां येईना. जिन्यावरील दिवा आम्हांपैकीं कोणींच बदलला नव्हता. नाना कांहीं वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं ज्या बागेंत आम्ही बसलों होतों तिचीच हकीकत सांगितली.

ही बाग मुळांत येथली नव्हे. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व उद्यान मंडळाची बाग पूर्वीं शिवडीस होती. ती जागा दफनभूमीसाठीं गेली. मग भायखळ्यास नवी बाग उभारण्यांत आली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लेडी फ्रियर यांच्या हस्तें ती उघडली. तिचें नांव व्हिक्टोरिया गार्डन्स. त्यावरूनच लोकांनीं राणीची बाग केली. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. बागेशेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणींत डॉ. भाऊ दाजी लाड व नाना शंकरशेट यांनीं पुढाकार घेतला. तें २ मे १८७२ रोजीं खुलें झालें, आणि १९७५ सालापासून तें डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. मंडळाच्यानें बागेचा कारभार चालेना, तेव्हां १८७३ सालीं नगरपालिकेनें ती आपल्या हातीं घेतली. याप्रमाणें बाग एकदां उठली, एकदां पोरकी झाली, तरी जगली.

"तिसऱ्यांदा तिच्यावर प्रसंग आला तो आपल्याच काळांत," नाना म्हणाले. २००७ सालीं या बागेचें रूप पालटून तेथें अद्ययावत् प्राणिसंग्रहालय करण्याची, कोट्यवधि रुपयांची योजना पुढें आली. तींत जुन्या वृक्षांचें काय होईल, ही चिंता मुंबईतील कांहीं स्त्रियांस वाटली. त्या कोणी अधिकारी नव्हत्या. या बागेवर जीव असलेल्या नागरिक होत्या. त्यांनीं झाडांची माहिती गोळा केली, लोकांस बागेंत फिरवून ती सांगितली, अर्ज केले, आणि हें ठिकाण वारसास्थळ आहे व वनस्पतींची बाग आहे, हें संबंधित समितीपुढें वर्षानुवर्षें मांडलें. ती योजना मूळ स्वरूपांत अंमलांत आली नाहीं. प्राणिसंग्रहालय सुधारलें, पेंग्विन आले; परंतु गोरखचिंच, अशोक आणि कैलासपतीही राहिले.

पुतण्या म्हणाला, "पण काका, त्या फार तर मूठभर असतील. मुंबई केवढी!"

"मूठभरच लागतात," नानांनीं उत्तर दिलें. "पण तेवढे लागतातच. जिन्यावरचा दिवा बदलायला एकच माणूस लागला असता. तो मी झालों नाहीं, एवढीच माझी चूक."

पुतण्यानें यावर वाद घातला नाहीं. डबे आवरतांना मात्र लाडवांचे कागद त्यानेंच गोळा केले, आणि शेजारच्या बांकाखालीं इतर कोणीं टाकलेली एक बाटलीही उचलून घेतली.

परततांना आम्ही वस्तुसंग्रहालयाच्या बाजूनें निघालों. गोऱ्या सत्तेच्या काळीं शहरांत उभारलेले कांहीं पुतळे येथें आणून ठेवले आहेत. त्यांतच सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्या घोड्यावरूनच काळा घोडा हें नांव त्या भागास पडलें. पुतळा १९६५ सालीं तेथून हलवून या बागेंत आणला. नांव मात्र मूळ जागींच राहिलें. मुलांस याची फार गंमत वाटली. आम्हांस वाटलें, आमची चाळ उद्यां जाईल, तरी त्या वळणावर कोणी तिचें नांव घेईल काय?

वस्तुसंग्रहालयाच्या समोर एक दगडी हत्ती आहे. पुष्कळ लोक त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्र घेतात आणि पुढें जातात. हा हत्ती घारापुरी बेटावरील होय. त्यास पाहूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलतांना तो खालीं पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आणून ठेवण्यांत आले. पुढें १९१४ सालीं, म्हणजे पन्नास वर्षांनंतर, ते पुन्हां जोडून हत्ती उभा करण्यांत आला. सांधे अद्याप दिसतात.

हें सारें नानांनीं सांगितल्यावर आजींनीं विचारलें, "पन्नास वर्षं ते दगड कोणीं टाकून नाहीं दिले?"

"नाहीं, आई. म्हणून तर जोडतां आले."

आजी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं हत्तीच्या पायावर हात ठेवला, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "संध्याकाळीं फराळाला उशीर होतो आहे."

त्या संध्याकाळीं चाळीच्या गॅलरींत शेवटची पंगत बसली. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि ताक. जागा पुरेना म्हणून मुलें जिन्याच्या पायऱ्यांवर बसलीं. अंधार पडूं लागला, तेव्हां नानांचा पुतण्या स्टूल घेऊन आला आणि त्यानें जिन्यावरील दिवा बसविला. चाळ रिकामी व्हावयास थोडेच दिवस उरले होते, तेव्हां दिव्याची आतां गरज ती काय, असें कोणींही म्हटलें नाहीं. त्या उजेडांत ठरलें तें असें: दर महाशिवरात्रीस सकाळीं दहा वाजतां, ज्यास जमेल त्यानें राणीच्या बागेंत कैलासपतीपाशीं यावें. आमंत्रण द्यावयाचें नाहीं, आणि कोणी आला नाहीं म्हणून रुसावयाचें नाहीं. आजी म्हणाल्या, "मी असेन कीं नसेन, पण जागा ठरली हें बरं झालं. आतां मला पुढल्या संक्रांतीची काळजी नाहीं."

एकत्र कुटुंब, चाळ किंवा सार्वजनिक बाग, या तिहींचा न्याय एकच आहे, असें आम्हांस त्या दिवसापासून वाटूं लागलें आहे. तीं सर्वांचीं असतात म्हणून टिकत नाहींत. सर्वांचें तें आपलेंही आहे, असें मानून पाणी घालणारीं थोडीं माणसें प्रत्येक पिढींत निघतात, म्हणून टिकतात. आमच्या वाचकांपैकीं जे मुंबईस राहतात किंवा तेथें जातात, त्यांस एवढीच विनंति, कीं येत्या सुटींत मुलांस राणीच्या बागेंत अवश्य न्यावें, पेंग्विन दाखवावे, आणि नंतर निदान पांच झाडें त्यांच्या नांवानिशीं ओळखून घ्यावीं. खरा अशोक आणि आसुपालव यांतील भेद तरी मुलांस कळावा. ज्या झाडाचें नांव आपणांस ठाऊक आहे, तें तोडलें जातांना आपण गप्प बसत नाहीं.

बुधवार मात्र टाळावा.